दानपेटीवरचा चेहरा

पूर्वी चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी असे. ‘गरिबांसाठी’ एवढा एकच शब्द तिच्यावर लिहिलेला असे. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणत्या मुलाच्या अंगावर सदरा नाही, याचा उच्चार ती पेटी करीत नसे. आणि तरीही ती भरत असे. आज दानपेटी आपल्या खिशात आली आहे. मोबाईल उघडावा, तो एक मूल आपल्याकडे पाहत असते. डोळे भरलेले, केस विस्कटलेले, हातात रिकामी थाळी. खाली त्याचे नाव, गाव, बापाचे व्यसन, आईचा आजार आणि पैसे पाठविण्याची सोय. आपण क्षणभर कळवळतो, पैसे पाठवितो किंवा पाठवीत नाही, आणि बोट सरकवून पुढे जातो. ते मूल मात्र तेथेच राहते. आमचा आक्षेप याला आहे आणि तो आम्ही आडपडदा न ठेवता मांडणार आहोत. बालकाच्या नावाने दान मागणाऱ्याला बालकाचा चेहरा गहाण टाकण्याचा अधिकार नाही. जी संस्था स्वतःला बालहक्कांची कैवारी म्हणविते, तिला तर मुळीच नाही.

हा शहरातल्या कचेऱ्यांचा प्रश्न, तारकर्लीच्या वाळूत त्याचे काय काम, असे कोणी विचारील. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, यांच्यामधील हा चिंचोळा पट्टा देवबागपर्यंत जातो. गेल्या काही वर्षांत येथे निवास-न्याहारीची घरे झाली, स्कूबा डायव्हिंग आले, आणि प्रत्येक पाहुण्याबरोबर एक कॅमेरा आला. किनाऱ्यावर रापण ओढली जात असते. सुट्टीचा दिवस असला की घरची मुलेही दोराला हात लावतात. पाहुणा बिस्किटाचा पुडा पुढे करतो. मुलाने हात पुढे केला की पाहुण्याच्या दुसऱ्या हातातला मोबाईल वर जातो. संध्याकाळी ते चित्र ‘गरीब कोळ्याचे उपाशी पोर’ म्हणून जगभर फिरू लागते. वास्तविक त्या मुलाच्या बापाचा रापणीत वाटा असतो, घरी पेज आणि सार असते, आणि मुलगा दोर ओढतो तो आपल्या माणसांच्या बरोबरीने उभे राहण्याच्या अभिमानाने. चित्राने त्याला एका क्षणात भिकारी केले. अन्न दिले पुडाभर आणि मान घेतला जन्माचा.

तौक्ते वादळाचे दिवस आमच्या वाचकांना आठवत असतील. १६ मे २०२१ रोजी ते या किनाऱ्यावरून गेले. छपरे उडाली, माड आडवे झाले, होड्या फुटल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. मदत घेऊन पुष्कळ लोक आले. त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण त्यांतील एका गटाने मुलांना रांगेत उभे केले, प्रत्येकाच्या हातात पिशवी दिली आणि पिशवीवरचे नाव दिसेल अशा बेताने छायाचित्रे काढली. एक मुलगी मान फिरवून उभी राहिली, तर तिची हनुवटी धरून तोंड पुढे करण्यात आले. त्या वेळी शाळा बंद होत्या. पण वर्गाचा व्हॉट्सॲप गट चालू होता. चार दिवसांत ते छायाचित्र त्या गटात पोहोचले, आणि ती मुलगी वर्गात ‘पिशवीवाली’ झाली. पुढच्या वेळी मदतीचा टेम्पो आला तेव्हा ती घराबाहेर आलीच नाही. तांदूळ पाच किलो होता. तिने मोजलेली किंमत कोणत्या तराजूत घालावी?

येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बालहक्क संस्थांमध्ये डिजिटल संपर्काचे काम करणाऱ्या तरुणांशी आमचे भांडण नाही. आमच्याच धर्मग्रामांतील मुलेमुली मुंबईपुण्यास जाऊन पत्रकारितेचे किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतात आणि अशा संस्थांत नोकरीस लागतात. काम सोपे नसते. वाडीवस्तीवरच्या कार्यकर्त्यांकडून हकिकती मागवावयाच्या, छायाचित्रे निवडावयाची, चार ओळींत मजकूर बसवावयाचा, देणगीदारांच्या शंकांना उत्तरे द्यावयाची, शासनाकडे मागणी लावून धरावयाची. बालविवाह, बालमजुरी, कुपोषण हे शब्द ज्या घरांत कधी पोहोचले नसते, तेथे ते पोहोचविण्याचे श्रेय या तरुणांचे आहे. पण आठवड्याच्या बैठकीत त्यांच्यापुढे एक तक्ता ठेवला जातो. कोणत्या चित्राला किती पसंती, किती जणांनी ते पुढे पाठविले, किती रुपये आले. त्या तक्त्यात रडणारे मूल हसणाऱ्या मुलाला मागे टाकते, असे ते स्वतःच सांगतात. मग पुढच्या आठवड्यात अधिक रडणारे मूल शोधले जाते. वाईट माणूस यात कोणीच नसतो, आणि म्हणूनच हे अधिक भयंकर आहे.

हे पाप मोबाईलने जन्माला घातले असेही नाही. लंडनमध्ये निराधार मुलांसाठी आश्रम चालविणारे डॉ. थॉमस बर्नार्डो मुलांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी जोडचित्रे काढून त्यांची कार्डे विकत. आधी फाटके आणि मळलेले मूल, नंतर स्वच्छ आणि कामात गढलेले मूल. प्रकरण १८७७ साली लवादापुढे गेले. बहुतेक आरोपांतून बर्नार्डो सुटले. परंतु मुलांना मुद्दाम दीनवाणे दाखविणाऱ्या या चित्रांवर लवादाने ठपका ठेवला. त्यानंतर सुमारे दीड शतकाने, जुलै २०१८ मध्ये, वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेच्या इन्स्टाग्रामवर आलेस्सिओ मामो या इटालियन छायाचित्रकाराची काही चित्रे झळकली. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातील गरीब माणसांपुढे, त्यांत मुलेही होती, टेबल मांडून त्यावर खोटे अन्न ठेवले होते आणि त्यांना डोळे झाकून उभे केले होते. जगभर संताप उसळला आणि त्यांना क्षमा मागावी लागली. साधने बदलली, मोह तोच राहिला.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. ते म्हणतात, चेहरा दाखविल्याशिवाय पैसा येत नाही, आणि पैशाविना मुले मरतात. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील मुले अन्नावाचून मरत होती. १९१९ साली एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी लंडनमध्ये भुकेल्या ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र असलेली पत्रके वाटली. त्यांना पकडण्यात आले, पाच पौंड दंड झाला, आणि ज्या सरकारी वकिलाने त्यांच्यावर खटला चालविला त्यानेच पाच पौंड त्यांच्या हाती ठेवले. त्याच वर्षी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निधी उभा राहिला. छायाचित्राने मुलांचे प्राण वाचविले हे आम्ही मान्य करतो. परंतु एक भेद विसरून चालणार नाही. ऑस्ट्रियातल्या त्या मुलाला लंडनमध्ये कोणी ओळखत नव्हते. त्याच्या शेजाऱ्याच्या, मास्तरांच्या, सोबत्यांच्या हाती ते पत्रक पडणार नव्हते, आणि काही महिन्यांनी तो कागद रद्दीत जाणार होता. आज तारकर्लीत काढलेले चित्र तारकर्लीतच परत येते, आणि कधीही रद्दीत जात नाही. ते मूल मोठे होईल, नोकरीस जाईल, त्याचे लग्न ठरेल. आणि त्याचे नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला ते रिकाम्या थाळीसह भेटत राहील. आता तर एका छायाचित्रावरून यंत्रे खोटी आणि अश्लील चित्रेही घडवितात. जेबबाईंचा दाखला देऊन आजच्या चित्राचे समर्थन करता येणार नाही.

शिवाय त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. जेबबाई कॅथॉलिक नव्हत्या. तरीही त्यांच्या कार्यास पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी आधार दिला. २४ नोव्हेंबर १९१९ रोजी जगातील सर्व महागुरुस्वामींना पत्र लिहून त्यांनी आज्ञा केली, की हेरोदाने मारलेल्या निरपराध बालकांच्या सणाला, म्हणजे २८ डिसेंबरला, चर्चमध्ये मध्य युरोपातील मुलांसाठी वर्गणी गोळा करावी. पुढल्या वर्षी १ डिसेंबर १९२० रोजी त्यांनी असेच दुसरे पत्र लिहिले आणि त्यात या निधीचा नावानिशी गौरव केला. त्या पत्रांत एकाही मुलाचे नाव नव्हते, एकही चित्र नव्हते. वेदीवरून शब्द वाचले गेले आणि लोकांनी खिशात हात घातला. चेहऱ्याविना पैसा येत नाही, हे म्हणणे खरे असते तर ती वर्गणी झालीच नसती.

दुसरे उदाहरण १९४९ सालचे. युद्धानंतर युनिसेफने पाठविलेल्या मदतीबद्दल आभार म्हणून चेकोस्लोव्हाकियातील यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने एक चित्र रंगविले. वर सूर्य आहे आणि खाली मुले आनंदाने फेर धरून नाचत आहेत. त्या चित्रापासून युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र निघाले, आणि अशा पत्रांच्या विक्रीतून पुढे कित्येक दशके मुलांसाठी पैसा उभा राहिला. जगाने तिचा रडवेला चेहरा पाहिला नाही. तिने जे पाहिले ते जगाने पाहिले. या दोहोंतील अंतर ज्याला कळले, त्याला बालहक्क कळले. आपल्या मुंबईतही १९७९ साली रिपन कपूर यांनी काही मित्रांसह पन्नास रुपयांवर ‘क्राय’ ही संस्था सुरू केली, आणि तिनेही शुभेच्छापत्रे विकूनच निधी उभारला. २००६ साली त्या संस्थेने आपल्या नावातील मदत या अर्थाचा ‘रिलीफ’ शब्द काढून तेथे हक्क या अर्थाचा ‘राइट्स’ शब्द घातला. आमच्या मते तो बदल पाटीपुरता नव्हता. मदतीची याचना करताना दैन्य दाखवावे लागते. हक्क सांगताना मान ताठ ठेवता येते. ज्या संस्था नावात हक्क लिहितात आणि चित्रात दैन्य दाखवितात, त्यांनी दोहोंपैकी एक खोडून टाकावे.

प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा संमतीचा. ‘आम्ही आईवडिलांची सही घेतो,’ असे ते सांगतात. तांदळाची गोणी ज्याच्या हातात आहे त्याने कागद पुढे केला, तर भुकेल्या आईचा अंगठा त्यावर उठणारच. नाही म्हटले तर मदत थांबेल का, ही भीती ज्या संमतीमागे उभी आहे ती संमती नव्हे. तिला कोणी समजावून सांगितले काय, की हे चित्र उद्या तिच्या गावात, तिच्या जावेच्या मोबाईलवरही दिसेल? आणि स्वतः मुलाला कोणी विचारले काय? संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलाचे हित सर्वप्रथम पाहावे, त्याच्याशी संबंधित गोष्टींत त्याचे म्हणणे ऐकावे आणि त्याच्या खाजगी जीवनाचे व अब्रूचे रक्षण व्हावे, असे निरनिराळ्या कलमांनी सांगितले आहे. व्हॅटिकनने ती संहिता २० एप्रिल १९९० रोजीच मान्य केली. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी. म्हणजे या बाबतीत कॅथॉलिक माणसाला अनभिज्ञ राहण्याची सवलत नाही.

देशाचा कायदाही येथे मुका नाही. बालन्याय कायदा, २०१५ याच्या ७४ व्या कलमाने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, अत्याचारास बळी पडलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास मनाई केली आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, आईवडील गमावलेल्या तान्ह्या लेकरांना दत्तक घ्या, असे संदेश दूरध्वनी क्रमांकासह घरोघर फिरले. आमच्या धर्मग्रामांतील भाविकांनीही ते पुण्यकर्म समजून पुढे पाठविले. दत्तकविधान असे चव्हाट्यावर होत नसते, आणि अशा संदेशांआडून मुलांची विक्रीही होऊ शकते, हे फार थोड्यांच्या मनात आले. अखेर ७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिला, की अशा मुलांची ओळख उघड करून त्यांच्या नावाने निधी गोळा करणाऱ्या आणि दत्तक घेण्याचे आवाहन करणाऱ्या संस्थांना रोखावे. दया करण्याची इच्छा शुद्ध असली म्हणजे कृतीही शुद्ध होते, या समजुतीला न्यायालयाने दिलेले ते उत्तर होय.

पण आमचा खरा आधार कायदा नव्हे, शुभवर्तमान आहे. संत मार्कच्या पाचव्या अध्यायात याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी मरण पावते. घरासमोर रडणाऱ्या-ओरडणाऱ्यांचा जमाव जमलेला असतो. आजच्या भाषेत बोलावयाचे तर यापेक्षा प्रभावी प्रसंग संपर्क विभागाला मिळणे कठीण. प्रभू येशूने काय केले? त्याने सर्वांना बाहेर काढले. मुलीचे आईवडील आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतले. तिचा हात धरून तिला उठविले. मग दोन गोष्टी सांगितल्या: हे कोणाला कळू देऊ नका, आणि हिला काहीतरी खावयास द्या. त्या मुलीचे नावही शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवले नाही. याईराचे नाव आपल्याला ठाऊक आहे; मुलीचे नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या चमत्कारांपैकी एक चमत्कार दार लावून झाला. आणि आपण पाच किलो तांदूळ दार सताड उघडून, दिवा लावून देतो! उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, ही डोंगरावरच्या प्रवचनातील शिकवण आपण दरवर्षी राखेच्या बुधवारी ऐकतो. आज डाव्या हातात मोबाईल आहे, आणि उजवा काय करतो ते तो जगाला कळवीत आहे.

चर्चने ही शिकवण मोठी किंमत देऊन पुन्हा शिकली आहे. मुलांवरील अत्याचार झाकण्याच्या पापाने चर्चची मान जगापुढे खाली गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात डिजिटल जगातील बालकांच्या प्रतिष्ठेवर परिषद भरली, आणि पोप फ्रान्सिस यांनी तेथे जमलेल्यांची भेट घेऊन या प्रश्नाकडे डोळेझाक न करण्याचे आवाहन केले. येथे एक गैरसमज होता कामा नये. मुलाचा चेहरा झाकावा म्हणजे त्याच्यावरचा अन्यायही झाकावा, असे आम्ही म्हणत नाही. अन्याय छपरावरून ओरडून सांगावा. कोणत्या शाळेत शिक्षक नाहीत, कोणत्या अंगणवाडीचा आहार पोहोचत नाही, कोणत्या खात्याने निधी पडून ठेवला, त्यांची चित्रे काढावीत, त्यांची नावे घ्यावीत. ज्याने लाजावयास हवे त्याचा चेहरा दाखवावा. आज नेमके उलटे चालले आहे: अपराधी अनाम राहतो आणि पीडित मुलाची ओळख पटविली जाते.

आणि दोष केवळ संस्थांचा नाही, हेही बोलून टाकू. संपर्क विभागातला तरुण रडणारे मूल शोधतो, कारण त्याशिवाय आपला हात खिशाकडे जात नाही. मागणी आपली आहे; तो केवळ माल पुरवितो. तेव्हा सुधारणेस आरंभ देणाऱ्यापासून झाला पाहिजे.

म्हणून आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. पहिली, कोणत्याही संस्थेस देणगी देण्यापूर्वी तिला लेखी विचारावे, की मुलांच्या छायाचित्रांविषयी तुमचा नियम काय आहे आणि एखाद्या मुलाने नंतर चित्र काढून टाका म्हटले तर तुम्ही काय करता. युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी अशी आचारसंहिता १९८९ सालीच स्वीकारली होती. आपल्याकडच्या संस्थेला ती परकी वाटण्याचे कारण नाही. दुसरी, आपल्या धर्मग्रामात शिष्यवृत्ती, वह्या, गणवेश वाटताना छायाचित्र काढू नये, व्यासपीठावर मुलांना बोलावू नये, आणि यादी फलकावर लावू नये. तिसरी, निवास-न्याहारी चालविणाऱ्या आमच्या तारकर्ली-देवबागच्या घरांनी पाहुण्यांना नम्रपणे सांगावे, की येथे समुद्राचे हवे तितके चित्रण करावे. मुलांचे मात्र आईबापांना आणि खुद्द मुलांना विचारल्याशिवाय करू नये. चौथी, संकटातल्या मुलांसाठी असलेला १०९८ हा निःशुल्क क्रमांक आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असावा. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून तो सुरू झाला. २०२३ पासून त्याचा कारभार शासनाने आपल्याकडे घेतला आहे. मुलाविषयी जगाला सांगणे हे संपर्काचे एक काम. संकटातल्या मुलाला आपल्यापर्यंत पोहोचता यावे, हे त्याहून मोठे काम. संस्थांच्या संपर्क विभागांनी आपली अर्धी शक्ती जरी या दुसऱ्या कामास दिली, तरी पुष्कळ मुले वाचतील.

या क्षेत्रात गेलेल्या आमच्या तरुणांना एकच सांगणे. तुमच्या नोकरीच्या कागदावर काहीही लिहिलेले असो, तुम्ही प्रथम त्या मुलाचे राखणदार आहात, निधी गोळा करणारे नंतर. या दोन कर्तव्यांत कलह आला, तर बैठकीत उठून नाही म्हणा. रागावतील; कदाचित बढतीही अडेल. पण त्या मुलाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. ती तुम्हांला आहे.

आणि सिंधुदुर्ग धर्मप्रांतातील सर्व धर्मग्रामांना आमची विनंती, की येत्या २८ डिसेंबरला, निरपराध बालकांच्या सणाला, प्रत्येक चर्चमध्ये मुलांसाठी वर्गणी गोळा करावी. भिंतीवर चित्र नको, पत्रकावर नाव नको, करुण हकिकत नको. वेदीवरून एवढेच सांगावे, की मुलांना गरज आहे. जमलेली रक्कम पुढच्या रविवारी पैशापैशाने जाहीर करावी, ती कोणत्या कामास दिली तेही सांगावे. कोणत्या मुलाला मिळाली, हे मात्र कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये.